जामीन झाला, जामीनदार कुठून आणायचा?

जुलै १८९७. राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळक तुरुंगात. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टातही अर्ज फेटाळला गेला. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती रानडे होते. ऑगस्टच्या सुरुवातीला अर्ज बद्रुद्दीन तय्यबजींपुढे गेला. त्यांनी जामीन दिला.

तय्यबजी मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर. कायदेमंडळात बसलेले, १८८७ च्या काँग्रेसचे अध्यक्ष, १८९५ पासून न्यायमूर्ती. आरोपी महिनाभर तुरुंगात राहिला आणि शेवटी निर्दोष ठरला तर तो अन्यायच, हा त्यांचा मुद्दा. पुढे टिळक दोषी ठरले, दीड वर्षाची शिक्षा झाली. तरी त्या आदेशाला बाध येत नाही. निकालाआधीची कोठडी ही शिक्षा नव्हे, एवढेच तो आदेश सांगतो.

पण टिळकांसाठी जामीनदार म्हणून मुंबईचे शेठ द्वारकादास धरमसी उभे होते. शेतमजुरासाठी कोण उभे राहणार?

सिल्लोड आणि भोकरदन शेजारीशेजारी; सोयरिकी दोन्हीकडे. मात्र मधे जिल्ह्याची हद्द आहे. सिल्लोडच्या कोर्टाच्या आवारात एखादी बाई प्लास्टिकच्या पिशवीत भावाचा सातबारा घेऊन बसते. भाऊ भोकरदनचा, म्हणजे जालना जिल्ह्याचा. हा जामीनदार चालेल का, ही धास्ती तिच्या चेहऱ्यावर असते. नवरा आत असतो.

ही धास्ती उगाच नाही. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला सुप्रीम कोर्टाने जामीन दिला. खालच्या कोर्टात दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट मोडून काढली, रक्कम हजारावर आणली. जामीनपात्र गुन्ह्यात तर आता कायदाच सांगतो: आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपी गरीब आहे असे धरा आणि जातमुचलक्यावर सोडा.

म्हणून जामिनाचा आदेश लिहितानाच न्यायाधीशाने विचारावे: याच्याकडे जामीनदार आहे का? नसेल तर जातमुचलका घ्यावा. सातबाऱ्यावाचून आत राहिलेला माणूस उद्या निर्दोष ठरला, तर तय्यबजी ज्याला अन्याय म्हणाले तोच त्याच्यावर झालेला असेल. तोही जामीन मंजूर असताना.