नातवंडांसाठी तट्टू घ्यावे काय?

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, आणि आपल्या बीडकडील आजोबांना नातवंडांसाठी तट्टू घेण्याचा मोह होतो. निर्णयापूर्वी विचार करावा. तट्टू 25 ते 30 वर्षे जगते. मुले शाळेत गेली की दाणा-वैरण, पाणी, खरारा आजी-आजोबांवरच येतो. उतारवयातील ठिसूळ हाडांना एक लाथ पुरते. लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. म्हणून मुलांच्या 5-6, 10 व 16 व्या वर्षांच्या लसी तपासाव्यात, मोठ्यांनीही दर 10 वर्षांनी मात्रा घ्यावी. स्वारीला हेल्मेट हवेच. रोज राबणारा तरुण हात घरात नसेल, तर नातवंडांना बाजारातील घोडे दाखवावेत आणि तसेच घरी परतावे.