दुआ कबूल झाली नाही, तर दोष आजाऱ्याचा कसा?

'तुझा विश्वास कमी पडला.' आजारी माणसाला ऐकवण्यासारखे याहून निर्दय वाक्य माझ्या माहितीत नाही. चंगाई सभेतून हात हलवत परतलेल्या ख्रिस्ती रुग्णाला ते ऐकावे लागते. आपल्याकडे आमिलाच्या दारातून परतणाऱ्यालाही तेच सांगतात, फक्त शब्द बदलतात: 'तुझा यकीन कच्चा आहे, म्हणून शिफा मिळत नाही.' दोन्हीकडे आजारी माणूस घरी परततो तेव्हा त्याचा आजार तसाच असतो आणि वर गुन्हेगारीची भावना वाढलेली असते. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे, मग ते कोणत्याही धर्माच्या मंचावरून येवो.

मुसलमानाने ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेत नाक का खुपसावे, असे काही वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. कारखान्यामुळे ठिकठिकाणचे लोक आमच्या मोहन्यात शेजारी शेजारी राहायला आले. इथे आजारी माणूस धर्म पाहून दार ठोठावत नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरमधल्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहणारे सगळ्या धर्मांचे असतात. हाजी मलंगचा डोंगर चढणारेही सगळ्या धर्मांचे असतात. रुग्ण सामाईक आहे, तेव्हा प्रश्नही सामाईक आहे.

माझा विरोध दुआला नाही. हजरत ईसा (अ.) यांनी अल्लाहच्या हुकुमाने आंधळ्याला दृष्टी दिली, कुष्ठरोग्याला बरे केले, हे कुरआन सांगतो आणि मी ते मानतो. अल्लाह बरे करू शकतो की नाही, हा वादच नाही. वाद आहे तो सौद्याचा. इतका विश्वास टाका, इतकी शिफा घ्या. नाही मिळाली तर तुमचेच नाणे खोटे. या सौद्यात बरे करणारा कधीच हरत नाही. रुग्ण बरा झाला तर श्रेय त्याचे, नाही झाला तर दोष रुग्णाचा. ज्याचा काटा नेहमी स्वतःच्याच बाजूला झुकतो अशा दुकानदाराची तक्रार आपण वजनमापे खात्याकडे करतो. इथे मात्र आपण मान खाली घालून 'आमीन' म्हणतो.

गंमत म्हणजे हा हिशेब खुद्द बायबललाही मान्य नाही. नासरेथमध्ये लोकांच्या अविश्वासामुळे फारसे चमत्कार झाले नाहीत, हा दाखला चंगाई सभेचे वक्ते हमखास देतात. पण त्याच पुस्तकांत पुढे काय आहे? लाजर मेलेला होता. मेलेल्या माणसाचा विश्वास कोणी मोजला? महायाजकाचा दास येशूला पकडायला आलेल्या जमावात होता. त्याचा कापला गेलेला कान बरा झाला, तो काय श्रद्धेमुळे? बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेल्या माणसाला, आपल्याला कोणी बरे केले हेसुद्धा ठाऊक नव्हते. उलट, ज्याने अर्धा नवा करार लिहिला असे मानतात, त्या पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. त्याने आपला सोबती त्रफिम याला आजारी अवस्थेत मिलेतात सोडले. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, म्हणजे औषधच सांगितले. आणि ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे, अटकेच्या रात्री खुद्द येशूने संकटाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तो टळला नाही. त्याचाही विश्वास कमी पडला, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

महाराष्ट्रातलेच उदाहरण हवे असेल, तर पंडिता रमाबाईंचे घ्या. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. वैद्यकीय शिक्षण घ्यावे ही इच्छा होती, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमले नाही. त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभे केले, दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला, मूळ भाषा शिकून बायबल मराठीत आणले. १९०५ मध्ये मुक्तीत झालेल्या धार्मिक जागृतीबद्दल जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत आजही बोलले जाते. एवढ्या प्रार्थनांच्या मध्यभागी राहूनही त्यांचे कान बरे झाले नाहीत. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. चंगाईचे गणित खरे असेल, तर महाराष्ट्रातल्या सर्वांत श्रद्धावान ख्रिस्ती बाईचा विश्वासही अपुरा ठरतो. गणित चुकीचे आहे, असे म्हणणे जास्त सोपे नाही का?

याच ख्रिस्ती परंपरेने दुसरा रस्ताही दाखवला आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभारले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका बनवले. ही माणसे नास्तिक नव्हती. ती प्रार्थना करत होती आणि औषधही देत होती.

आता आपल्या घरात डोकावू. हजरत अय्यूब (अ.) वर्षानुवर्षे आजारी होते. हजरत याकूब (अ.) यांचे डोळे मुलाच्या दुःखात पांढरे पडले. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम त्यांच्या डोळ्यांदेखत गेला आणि ते रडले. पैगंबरांच्या घरातून दुःख हटले नाही, मग आपल्या मोहल्ल्यातल्या विधवेच्या घरात ते राहिले तर तिच्या ईमानाची झडती कशाला? उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण तिर्मिजीतल्या हदीसमध्ये आहे. उपचार करा, हाही आदेश आहे. अबू दाऊदमधली एक हदीस तर मला प्रत्येक आमिलाच्या दारावर लावावीशी वाटते: ज्याला वैद्यक येत नाही आणि तरी जो उपचार करतो, तोच नुकसानीला जबाबदार. म्हणजे आपल्या दीनमध्ये जबाबदारी उपचार करणाऱ्यावर आहे. आपण ती उचलून रुग्णाच्या डोक्यावर ठेवली.

त्याचे परिणाम लहान नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याच्या आसपास चालणाऱ्या मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेली माणसे पळू शकली नाहीत. २८ जण गेले. त्यांना दर्ग्याजवळ आणणारे नातेवाईक दुष्ट नव्हते, शिफाच्या आशेने आले होते.

शिक्षक म्हणून मला हे हजेरीपटावर दिसते. एका विद्यार्थ्याच्या आईने टीबीच्या गोळ्या दोन महिन्यांत सोडल्या, कारण सभेत तिला 'तू बरी झालीस, आता गोळी घेणे म्हणजे अविश्वास' असे सांगितले गेले. टीबीच्या गोळ्या अर्ध्यात सोडल्या की जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि तोच घरातल्या मुलांच्या फुफ्फुसात जातो. आपल्या समाजातल्या एका मुलीला फिट येत. तिच्या गळ्यात चार ताविज होते, पण मेंदूच्या डॉक्टरचा एक कागद नव्हता. दोन्ही घरांत अल्लाहवर, देवावर विश्वास भरपूर होता. कमतरता सल्ल्याची होती.

मोहन्यातली एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली. गेट उघडावे म्हणून इथल्या घराघरांत दुआ झाल्या, नवस झाले, प्रार्थना झाल्या. गेट उघडले नाही. तेव्हा 'तुमची श्रद्धा कमी पडली' असे कामगाराला सांगायला कोणी आले नाही. कंपनी का बंद पडते, हे सगळ्यांना कळत होते. लोकांनी थकीत देण्यांसाठी मोर्चे काढले, न्यायालयात गेले आणि दुआही चालू ठेवली. पोटाच्या प्रश्नात जी अक्कल आपण वापरली, ती फुफ्फुसाच्या आणि मेंदूच्या प्रश्नात का गहाण टाकायची?

'मग दुआ करायचीच कशाला?' असे कोणी म्हणेल. दुआ ही बंद्याची अर्जी आहे, मालकाला दिलेला हुकूम नाही. ती वाया जात नाही, तिचा बदला इथे नाही तर आखिरतमध्ये मिळतो, असे हदीस सांगतात. पण हा दिलासा आजाऱ्याने स्वतः घ्यायचा असतो. दुसऱ्याने त्याचे तोंड बंद करायला तो वापरायचा नसतो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. १९५४ च्या केंद्रीय कायद्याने ताविज, मंत्र यांच्या जोरावर आजार बरे करण्याच्या जाहिरातींना बंधन घातले. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा साप किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा मानतो. प्रार्थनेला त्यात बंदी नाही. दुआ मागा, रडून मागा. पण कोणी गोळी बंद करायला सांगितले, तर उठून बाहेर या. आणि मशिदीतल्या इमामसाहेबांना व चर्चमधल्या फादर-पास्टरांना माझी विनंती आहे: येत्या जुम्याला, येत्या रविवारी एवढेच सांगा की बरे न होणे हा गुनाह नाही. तुमच्यासमोर बसलेल्यांपैकी किती जण हे ऐकायला थांबले आहेत, ते त्यांच्या चेहऱ्यांवरून तुम्हाला कळेल.