सफरचंद नव्हे, केळं!

हॉस्टेलमध्ये कुणालाही विचारा, आदाम आणि एवेनं बागेत काय खाल्लं? बहुतेक जण बिनधास्त सांगतील, सफरचंद. पण बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात सफरचंदाचं नावच नाही. तिथे नुसतं ‘फळ’ आहे. जुन्या काळी अनेकांची समजूत होती की ते केळं असावं, म्हणून लिनियसने १७५३ साली केळीला नाव दिलं ‘म्यूसा पॅराडिसिआका’, म्हणजे नंदनवनातली केळ. वसईच्या राजेळीची सुकेळी ज्याने चाखली, तो वेगळा पुरावा मागणार नाही!

ही गोष्ट मराठीत आली त्याला चारशे वर्षं उलटली. फादर स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, आपल्या ओवीत. स्वर्गाला त्यांनी सरळ वैकुंठ म्हटलं.

आता मुद्द्याचं. सगळ्यांना पाप, साप आणि शिक्षा आठवते. त्याआधीचं वाक्य कुणी वाचतच नाही. देवाने माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. म्हणजे आदामाला नोकरी होती राव, माळ्याची! फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि हरित वसईच्या चळवळीचं नेतृत्वही केलं. मला ही दोन वेगळी कामं वाटत नाहीत.

आमच्याकडची हकालपट्टी तलवारवाल्या देवदूताने केली नाही. आधी बावखलं बुजली. विहिरींचं पाणी टँकरने बाहेर गेलं, वाड्यांवर बिल्डिंगा आल्या. सिव्हिलवाल्यांनो, ग्राउंडवॉटरचा चॅप्टर आठवा: किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. गोड्याची पातळी १ मीटर उतरली, तर हिशेबाने खारं पाणी सुमारे ४० मीटर वर सरकतं. परीक्षेत हे पाच मार्कांना येतं. वाडीत विहीर मचूळ होते आणि पानवेल करपते. उलट पावसाळ्यात पाण्याला जायला जागा नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली होतं आणि लोकल बंद.

माझा रूममेट म्हणतो, “वाडी विकून टाका, मजेत राहाल.” घरातही हा विषय निघतो आणि कोण कुणाला दोष देणार? शेतीत सुटत नाही, मुलांच्या फिया भरायच्या असतात. विकणाऱ्याला पापी ठरवणं मला पटत नाही. पण बावखल बुजवायच्या नकाशावर सही शेवटी एखादा इंजिनिअरच करतो ना?

म्हणून डिपार्टमेंटच्या सरांना विनंती. फायनल इयरला तेच तेच प्रोजेक्ट देण्यापेक्षा दोन ग्रुप वसईला पाठवा. मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर वीस-वीस विहिरींची पातळी आणि खारेपणा मोजू. राहायची सोय आमच्याकडे, सुकेळीसकट.