दुर्बिणीचे सांधे कुणाच्या हातात?

मी सिस्टीम्स इंजिनिअर आहे. मोठ्या दुर्बिणीच्या मागं जी यंत्रं बसतात, ताऱ्याचा प्रकाश फोडणारी, मोजणारी, टिपणारी, ती अख्खी उभी राहावीत यासाठी मला पगार मिळतो. चळवळीतल्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. 'आम्ही सिस्टीम मोडायला निघालो आणि तू तिचाच इंजिनिअर!' हसा. पण मोडायची असो की उभारायची, सिस्टीम आतून कशी चालते हे ज्याला कळत नाही त्याच्या हातून दोन्ही होत नाही. म्हणून हे लिहितोय. चांदण्यांची कविता इथं मिळणार नाही. मिळेल तो नटबोल्टचा, वॉशरचा आणि माणसांचा हिशेब.

आधी धंदा सांगतो. एका यंत्रावर पाच-सहा टोळ्या राबतात. भिंगं-आरसे करणारे, धातू कापणारे, सर्किटवाले, सॉफ्टवेअरवाले, थंडावा सांभाळणारे, आणि वर बसलेले खगोलशास्त्रज्ञ. प्रत्येक टोळी आपापलं काम चोख करते. तरी यंत्र बोंबलतं. कारण चूक टोळीत नसते, दोन टोळ्यांच्या मधे असते. भिंगवाला शून्य इथून धरतो, लोखंडवाला तिथून. दोघंही बरोबर, आणि सांधा निखळलेला. सिस्टीम्स इंजिनिअर म्हणजे सांध्यावरचा माणूस. त्याच्या मालकीचं काही नसतं. दोघांच्या मधली जागा तेवढी त्याची. तिथं तो करारनामा लिहितो: तू मला काय देणार, मी तुला काय देणार, किती अचूक, कुठल्या तापमानाला.

त्याचं दुसरं काम म्हणजे चुकीचं बजेट मांडणं. दचकू नका. बिनचूक वस्तू जगात कुणी बनवत नाही. प्रश्न एवढाच की कुठं किती चूक परवडते. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशलहरीची लांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. तिथं आरसा त्याच्याही लहानशा अंशापर्यंत नेमका हवा. पण रेडिओ लहरी मीटरभर लांबीच्या असल्या तर आरशाची चकाकी कशाला? जुन्नर तालुक्यात खोडदला जाऊन बघा. जीएमआरटीच्या तीस थाळ्या, प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाची. पत्रा नाही, पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या माणसांनी ही अक्कल लढवली. परदेशी नकाशाची नक्कल करत बसले असते तर एवढी मोठी दुर्बीण या देशाच्या खिशात बसली नसती. कुठं कडक व्हायचं आणि कुठं सैल सोडायचं, हे कळणं म्हणजे इंजिनिअरिंग.

आता मुद्द्यावर येतो. सिस्टीम मोडते ती लोखंड कच्चं निघालं म्हणून कमी वेळा. जास्त वेळा ती मोडते खालच्याचं माप वरपर्यंत चढत नाही म्हणून.

एका संस्थेत, नाव घेत नाही, आमचं एक यंत्र बनत होतं. पोलादी बैठकीवर ॲल्युमिनियमची मीटरभर चौकट आवळायची होती. मशीन शॉपमधला फिटर, आयटीआय केलेला, पस्तीस वर्षं हाताला ग्रीस लागलेला माणूस, ड्रॉइंग बघून म्हणाला, 'साहेब, हे दोघं असे आवळले तर थंडीत भांडतील.' हिशेब त्याच्या बाजूनं होता. वर्कशॉपमध्ये वीस अंश, डोंगरावर रात्री शून्य. तेवढ्या फरकानं मीटरभर ॲल्युमिनियम जवळजवळ अर्धा मिलिमीटर आखडतं आणि पोलाद त्याच्या निम्मंच. चौकट वाकणार, भिंग हलणार, ताऱ्याची रेघ जागा सोडणार. मी म्हटलं, या माणसाला रिव्ह्यूला बसवा. उत्तर आलं, 'रिव्ह्यू शास्त्रज्ञांचा असतो. त्याचं काम बनवायचं.' मग तेच वाक्य मी माझ्या कागदावर आकड्यांसह मांडलं, त्याचं नाव घालून. लगेच ते 'फार महत्त्वाचं निरीक्षण' झालं. एक बाजू घट्ट, दुसरी लवचीक पट्ट्यांवर अशी जोडणी ठरली आणि यंत्र नीट चाललं. मिनिट्समध्ये मात्र नाव माझं आलं. दुरुस्त करा म्हटलं तर म्हणाले, 'तशी पद्धत नाही.'

पद्धत! हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांनी पाणवठ्यावर ऐकलाय.

कुणी म्हणेल, हे आपल्याकडचं मागासलेपण, अमेरिकेत असं नसतं. मग अमेरिकेचं ऐका. २४ एप्रिल १९९० ला हबल दुर्बीण अवकाशात गेली. २.४ मीटरचा आरसा, घासून घासून आरपार गुळगुळीत केलेला. पण चित्रं आली ती धुकट. आरसा मोठ्या निगुतीनं चुकीच्या आकारात घासला होता. कडेला तो सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट होता, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम पन्नासावा भाग. कारण काय? आरसा तपासायचं जे साधन होतं, नल करेक्टर, त्यातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. अंतर मोजायच्या दांडीच्या टोकावर टोपी होती. टोपीवरचा रंग एका ठिकाणी उडाला होता. प्रकाश दांडीच्या टोकावरून परतायच्या ऐवजी टोपीवरूनच परतला आणि माप खोटं झालं. भिंग जागेवर येईना तेव्हा वॉशर घालून भागवलं. 'येत का नाही?' हा प्रश्न वरपर्यंत गेला नाही.

याहून वाईट पुढं आहे. नोव्हेंबर १९९० चा नासाचा चौकशी अहवाल सांगतो की चूक कळली नव्हती असं नाही. पर्किन-एल्मर कंपनीच्या त्याच इमारतीत दुसऱ्या दोन तपासण्यांनी ती दाखवली होती. पण ती साधनं 'कमी अचूक' गणली जायची. तेव्हा त्यांची साक्ष बाद! उच्च साधनाचा शब्द प्रमाण, हलक्या साधनानं खरं सांगितलं तरी ते खोटं. वेदप्रामाण्य फक्त आपल्याकडंच असतं असं वाटत होतं ना? तिथंही असतं, फक्त तिथं त्याला सर्टिफाइड उपकरण म्हणतात. आणि ज्या विभागात हे घडलं तो दारं लावून काम करत होता. बाहेरचा जाणकार आत येऊन विचारणार नाही अशी सोय होती. शेवटी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुर्बिणीला चष्मा लावला, तेव्हा तिला दिसायला लागलं. दोन हलक्या साधनांचं ऐकलं असतं तर हा खटाटोप जमिनीवरच मिटला असता.

ज्या माणसाचं नाव त्या दुर्बिणीला दिलं त्याचीही गोष्ट आहे. एडविन हबल. विश्व पसरतंय हे दाखवणाऱ्या कामात त्याच्या जोडीला मिल्टन ह्यूमसन होता. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली. माउंट विल्सनवर वेधशाळेचं सामान चढवणारी खेचरं हाकायचा. मग तिथंच झाडलोट करायला लागला, मग रात्रीचा मदतनीस, मग १९१९ साली वेधशाळेच्या नोकरवर्गात. अंधुक आकाशगंगांचे वर्णपट घेताना रात्र-रात्र दुर्बिणीला चिकटून बसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. १९३१ चा निबंध दोघांच्या नावावर आहे. पण नियमाला नाव एकाचंच लागलं. २०१८ साली खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेनं मतदान घेऊन त्या नियमाला लमेत्र या शास्त्रज्ञ पाद्र्याचं नाव जोडलं. खेचरवाल्याचं नाव तेव्हाही कुणाला सुचलं नाही.

जोसेलिन बेलचं तसंच. केंब्रिजला दोन वर्षं हातोडा चालवून, खुंट ठोकून, तारा ओढून तिनं इतरांबरोबर रेडिओ दुर्बीण उभी केली. १९६७ मध्ये कागदाच्या पट्टीवर तिला एक बारीक गिचमिड दिसली. ती उपद्व्यापी आवाज म्हणून सोडून देता आली असती. पण जिनं तारा स्वतः जोडल्या तिला कुठला आवाज आपल्या यंत्राचा आणि कुठला नाही याची नस ठाऊक होती. ते पल्सार निघाले. १९७४ चं नोबेल तिच्या गाइडला मिळालं. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलर्सचं दुसरं बक्षीस मिळालं तेव्हा तिनं ते सगळं, पदार्थविज्ञानात ज्यांना कुणी येऊ देत नाही अशा पोरापोरींच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकलं. ज्याला सांधा कळतो त्याला दारही कळतं.

आणि काही सांधे नकाशावर काढलेच जात नाहीत. हवाई बेटावर मौना केआ डोंगरावर तीस मीटरची दुर्बीण उभारायची ठरली. ४९२ आरशांचे तुकडे जोडून एक आरसा. शेजारच्या दोन तुकड्यांच्या कडा वरखाली झाल्या तर ते नॅनोमीटरमध्ये मोजणारे सेन्सर त्यात लागतात. भारत त्यात भागीदार म्हणून उतरला आणि हे सेन्सर भारताच्या वाट्याला आले. काचेच्या दोन तुकड्यांमधली एवढी फट मोजली. पण डोंगर ज्यांना पवित्र त्या मूळ रहिवाशांची आणि प्रकल्पाची फट कुणी मोजली? २०१५ च्या डिसेंबरात हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानं परवाना रद्द केला, कारण परवाना आधी दिला होता आणि सुनावणी नंतर ठेवली होती. २०१९ च्या जुलैत रस्त्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना अटक झाली. जमिनीशी असलेला सांधा करारनाम्यात नव्हता, तो रस्त्यावर उघडा पडला.

आता तुमचा प्रश्न मला ऐकू येतोय. ज्या देशात माणूस गटारात उतरून मरतो तिथं दुर्बिणीचं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. मी टाळत नाही. पण नीट बघा. पंचेचाळीस मीटरची थाळी वाऱ्यात नेमकी एका ताऱ्यावर धरून ठेवणारा देश मैला उपसायचं यंत्र बनवू शकत नाही, हे तुम्हाला पटतं? अकलेची कमतरता नाही. कायदेही झाले, १९९३ ला एक, २०१३ ला दुसरा. कमतरता आहे ती आमच्या धंद्यातल्या पहिल्या कागदाची. कुठलंही यंत्र बनवण्याआधी आम्ही गरजांची यादी लिहितो. ज्या यादीत 'माणूस आत उतरणार नाही' ही ओळ पहिली असते ती सिस्टीम वेगळी बनते. मॅनहोलचा व्यास, खोली, नळाचा उतार, पंपाची ताकद, सगळं त्या एका ओळीवरून ठरतं. गटाराची यादी लिहिणाऱ्यानं ती ओळ घातली नाही, कारण आत उतरणारा त्याच्या घरचा नव्हता. यादी कोण लिहितो, यावर कोण मरतो हे ठरतं.

या देशात हात आणि डोकं यांच्यामधला सांधा निखळला नाही, तो मुद्दाम तोडला. लोखंड, कातडं, दोर, माती ज्यांच्या हाती त्यांना अक्षर बंद. अक्षर ज्यांच्या हाती त्यांना लोखंडाचा विटाळ. प्रयोगशाळेचा पांढरा कोट घातला की हा विटाळ फिटतो अशा भ्रमात राहू नका. तो रिव्ह्यूच्या खोलीबाहेर उभा राहतो आणि खुर्च्या मोजतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, जो मोजतो त्याला काम थांबवायचा हक्क लेखी द्या. त्याची सही असल्याशिवाय पुढचा बोल्ट आवळायचा नाही. दोन, हलक्या साधनाचं माप पटलं नाही तर ते चूक का आहे हे दाखवा. 'कमी अचूक' म्हणून फेकून देऊ नका. तीन, निबंधावर फिटरचं, वेल्डरचं, तारा ओढणाऱ्याचं नाव घाला. चार, जमिनीवरच्या माणसांची सुनावणी परवान्याच्या आधी घ्या.

आणि एक मागणी तुमच्याकडं, दोस्तहो. चळवळीनं आपल्याला बोलायला शिकवलं, ते आपलं शस्त्र आहे. आता मोजायलाही शिका. भाषणाला टाळ्या मिळतात. मापाला उत्तर द्यावं लागतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहायचं आहे, गुरुत्वलहरी पकडणारं यंत्र, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. २०२३ साली मंत्रिमंडळानं त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. मराठवाड्याची जमीन आहे ती. विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या माणसांनी घरं जळताना पाहिली ती जमीन. तिथं वॉचमन लागतील, झाडूवाले लागतील, त्या जागा आपल्या पोरांना न मागता मिळतील. मागायच्या त्या दुसऱ्या. व्हॅक्यूमचा पाइप वेल्ड करणारा, त्यातली गळती शोधणारा, आणि गळतीचा आकडा हातात घेऊन रिव्ह्यूच्या खोलीत सरळ जाऊन बसणारा. डिप्लोमावाल्यांनो, आयटीआयवाल्यांनो, बीएस्सीच्या पोरींनो, फॉर्म भरा. खुर्ची कुणी पुढं सरकवणार नाही, ती ओढून घ्यावी लागेल.