पूर ओसरला म्हणजे कुठे गेला?

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा आपल्यापैकी निम्म्या लोकांनी वर्क फ्रॉम होम घेतलं आणि उरलेल्यांनी व्हिडिओ फॉरवर्ड केले. खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला होता. लष्कर बोलवावं लागलं. डेक्कनजवळ विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. ४ ऑगस्टला पुन्हा तेच पाणी, तीच घरं. मग चिखल उपसला, रस्ते धुतले, भिजलेल्या गाद्या आणि सोफे डंपरमधून गेले आणि जनजीवन पूर्वपदावर आलं म्हणे.

हा 'पूर्वपदावर' शब्द माझ्या डोक्यात जातो.

मंडळी, हापिसात तिकीट क्लोज करायचे दोन मार्ग असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. एक, प्रॉब्लेम सोडवायचा. दोन, तिकीट गुपचूप दुसऱ्या टीमच्या नावावर टाकायचं आणि आपला डॅशबोर्ड हिरवा करून घरी जायचं. पुण्यानं प्रत्येक पुरानंतर दुसरा मार्ग धरलाय. आणि ती दुसरी टीम म्हणजे दौंड आणि शिरूर तालुक्यातली नदीकाठची गावं. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

जरा नकाशा उघडा. पवना दापोडीला मुळेत मिळते, मुळा आणि मुठा संगमावर एकत्र येतात, तिथून बंडगार्डन, मुंढवा, मांजरी असं करत मुळा-मुठा शहराबाहेर पडते. पुढे दौंड तालुक्यातलं वाळकी आणि शिरूर तालुक्यातलं रांजणगाव सांडस यांच्यामध्ये ती भीमेत जाते. भीमेनं तोवर तुळापूरला इंद्रायणी पोटात घेतलेली असते, म्हणजे पिंपरी-चिंचवडचा वाटाही आलाच. दोन महापालिका, लाखो फ्लॅट आणि आपल्या सगळ्या आयटी पार्कांचं पाणी वाळकीच्या खाली एकाच पात्रात. पुढे पारगाव, दौंड, आणि मग उजनीचं धरण.

माझं आजोळ याच पट्ट्यातलं. मामाचं वेळापत्रक साधं आहे: पुण्यात जोराचा पाऊस झाला की आधी नदीवरची मोटर वर काढायची. बंडगार्डनचा विसर्ग किती, दौंडचा किती, हे तिकडे लोकांना आपल्या शेअर बाजारासारखं पाठ असतं. उजनीवाले तर दौंडच्या आकड्याकडेच डोळे लावून असतात, कारण तिकडे त्याचा अर्थ धरण भरणार असा आनंदाचा असतो. मधल्या गावांना त्याचा अर्थ मोटर, पाइप, ऊस आणि काठाची माती असा लावावा लागतो.

पाणी येतं आणि जातं, त्याबद्दल मामाची तक्रार नाही. नदी आहे, येणारच. तक्रार आहे ती पाणी गेल्यावर जे राहतं त्याची. बाभळींना पुरुषभर उंचीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकलेल्या असतात. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे ढापे पावसाळ्याआधी काढलेले असले तरी खांब जागेवरच असतात. त्या खांबांना थर्माकोल, चपला, औषधाच्या बाटल्या, देवाच्या फोटोफ्रेमा आणि जलपर्णीचे ढीगच्या ढीग अडकतात. शहरातली जलपर्णी पहिल्या मोठ्या पुरात 'आपोआप साफ' होते ना, ती अशी. उसाच्या सरीत फुटक्या बाटल्यांची काच निघते. लागणीला वाकलेल्या बाईच्या हाताला ती लागते तेव्हा पुण्यातलं जनजीवन पूर्वपदावर येऊन तीन महिने झालेले असतात.

आता सरकारी मदतीचं बघा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, पंचनामा होतो. आपत्ती निधीच्या निकषात शेतातला गाळ काढायला मदत आहे, नाही असं नाही. २०२२ च्या निकषांप्रमाणे हेक्टरी १८ हजार, तेही गाळाचा थर ३ इंचांपेक्षा जाड असेल तर. म्हणजे मातीचा थर मोजायला पट्टी आहे. त्या थरातली काच, सुया, प्लॅस्टिक कुणाचं आणि ते वेचायची मजुरी कुणी द्यायची, याला रकाना नाही. ज्या सिस्टीममध्ये एररचा कॉलमच नाही, तिच्या रिपोर्टमध्ये एरर शून्यच दिसणार!

आपण पुणेकर पुराच्या आठवणी काढण्यात एक नंबर. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं, मग खडकवासला फुटलं, हे घराघरात सांगतात. स. गो. बर्वे यांनी शहर कसं उभं केलं, गोखलेनगर-सहकारनगरच्या पूरग्रस्त वसाहती, आधी बावडेकर आयोग, मग नाईक आयोग... सगळं खरं आणि सांगण्यासारखंच आहे. पण दोन धरणांचं ते पाणी अख्ख्या पुण्याचं सामान घेऊन पुढे ज्या गावांमधून गेलं, त्यांचं काय झालं, हे मी पुण्यातल्या एकाही गप्पांच्या बैठकीत ऐकलेलं नाही. आपली पुराची गोष्ट बंडगार्डनच्या पुलापाशी संपते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली होता. शहर साफ करायचं म्हणजे मोडलेल्या घरांचा डोंगर कुठेतरी टाकायला हवा. महापौरांनी आणीबाणीचे अधिकार वापरून शहराच्या पूर्वेला, व्हिएतनामी वस्तीच्या जवळ, शेफ मेन्टूर नावाची कचराभूमी २००६ च्या सुरुवातीला उघडून दिली. नियम बाजूला, कारण तातडी! ती माणसंसुद्धा पूरग्रस्तच होती, नुकती घरी परतली होती. पण ती गप्प बसली नाहीत. चर्चमध्ये जमली, रस्त्यावर आली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कचराभूमी बंद करायला लावली. त्यांचं एक बरं होतं, कचरा ट्रकमधून येत होता. ट्रक अडवता येतो. नदी कशी अडवणार?

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. "खालची गावं काय कमी कचरा करतात का?" करतात. दौंड-शिरूरकर काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. कुरकुंभच्या केमिकल कंपन्या तिथल्याच तालुक्यात आहेत, आणि भीमेतली वाळू पुणेकरांनी येऊन रात्री चोरली नाही (बांधकामं कुणाची झाली हा वेगळा विषय). पण स्वतःचा उकिरडा असला म्हणजे शेजाऱ्याचाही घ्यावा असा नियम कुठे आहे?

दुसरा आवडता मुद्दा, "महापालिका करतेय ना". मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानी कर्जातून ११ प्रकल्प आणि ९९० कोटी मंजूर होऊन दहा वर्षं झाली. ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचं २०२२ मध्ये भूमिपूजन झालं. किलोमीटर मोजून बघा, ते शहराच्या बाजूचेच आहेत. शिवाय खडकवासल्याचं स्वच्छ पाणी आपण प्यायचं आणि त्या बदल्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून शुद्ध केलेलं साडेसहा टीएमसी पाणी जुन्या कालव्यात, म्हणजे बेबी कालव्यात, दौंडच्या शेतीसाठी सोडायचं असं ठरलेलं. त्या 'शुद्ध' पाण्याचा वास घ्यायला एकदा वीकांताला जाऊन या. लाँग ड्राइव्हच करायचाय ना!

मागणी अगदी बोअरिंग आहे. मुंढवा-मांजरीला, शहराच्या हद्दीतच, कचरा अडवणारे आडोसे बसवा आणि तिथेच उपसा. बंडगार्डनचा विसर्ग ठराविक आकड्याच्या वर गेला की पुढच्या महिन्याभरात दौंडपर्यंतचा काठ आणि बंधारे साफ करायचा खर्च दोन्ही महापालिकांच्या बजेटमधून आपोआप निघाला पाहिजे, अर्ज-विनंत्या न करता. आणि पंचनाम्यात शहरी कचऱ्याचा एक रकाना वाढवा. एक कॉलम ॲड करायला किती वेळ लागतो हे आपल्या धंद्यातल्या लोकांना कुणी सांगू नये.

पुणे महापालिका बजेटआधी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. फॉर्म आपल्या प्रभागातल्या कामांसाठी असतो, मला माहीत आहे. मी यंदा त्यात वाळकीचा संगम लिहिणार आहे. तुम्हीही लिहा. हजार फॉर्म 'हद्दीबाहेर' म्हणून नाकारले गेले, तर निदान तसं लेखी उत्तर तरी हातात येईल.