धरावें किती, सोडावें कसें?

हायड्रोजन जळला म्हणजे त्याचें पाणी होतें, आणि भारोभार पाहतां तो पेट्रोलच्या अडीचपटींहून अधिक उष्णता देतो. मग असें उत्तम इंधन घरोघरीं कां नसावें? वाचकहो, अडचण आहे ती सांठवणीची. एक किलो हायड्रोजन मोकळा सोडला तर सुमारें 12,000 लिटर जागा व्यापतो. मोटारीच्या टांकींत तो हवेच्या 700 पट दाबानें कोंबावा लागतो. द्रवरूप करावयाचा तर उणें 253 अंशांची थंडी हवी.

येथें कोळसा साहाय्यास येतो. करवंटीचा कोळसा तप्त वाफेनें सच्छिद्र केला म्हणजे त्याच्या एका ग्रॅमांत हजार चौरस मीटर पृष्ठभाग निघतो, व त्यास वायूचे रेणू चिकटतात. परंतु हें आकर्षण दुर्बळ. उणें 196 अंशांवर उत्तम कोळसा दाबाखालीं शेंकडा पांच भाग हायड्रोजन धरतो. साध्या उष्णतामानांत जेमतेम एक. बंधन घट्ट करावें, तर दुसरें संकट: मॅग्नेशियमशीं संयोग पावलेला हायड्रोजन सुटावयास सुमारें 300 अंश उष्णता लागते.

1998 सालीं बोस्टन येथील संशोधकांनीं, कार्बनच्या सूक्ष्म तंतूंत त्यांच्या वजनाहून अधिक हायड्रोजन मावतो, असें प्रसिद्ध केलें. इतर प्रयोगशाळांत तें पडताळतां आलें नाहीं. म्हणून अशी वार्ता वाचतांना किती मावतो एवढेंच न पाहतां, कोणत्या उष्णतामानांत मावतो आणि मागतांच सुटतो कीं नाहीं, हेंहि विचारावें.