करमत नाही

मागच्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये एकाने जाहीर केलं, "फायनली आई-बाबांना पुण्यात आणलं!" टेबलावर सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. कुणी पाठ थोपटली, कुणी म्हणालं, "नशीबवान आहेस, आमचे ऐकतच नाहीत." मी पोह्यांवर लिंबू पिळत गप्प बसलो. कारण असं अभिनंदन मीही एकदा घेतलंय, आणि आपलं काय चुकलं हे कळायला मला चौदा महिने लागले.

तर मुद्दा सरळच सांगतो. म्हाताऱ्या आई-बापांना त्यांच्या गावातून उपटून आपल्या फ्लॅटमध्ये आणून ठेवणं ही बहुतेक वेळा त्यांची सेवा नसते, ती आपली सोय असते. आणि ते इथे रुळले नाहीत की "ॲडजस्टच करत नाहीत हो" ही तक्रारही आपणच करतो. ज्यांना चिडायचंय त्यांनी खुशाल चिडावं, फक्त शेवटपर्यंत वाचून!

आमचे अण्णा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. चौतीस वर्षं जायकवाडीच्या कालव्यावर पाणीपाळी सांभाळली. कुठल्या चारीला कधी पाणी सुटणार, कुणाचं भरणं झालं, कुणाचं राहिलं, सगळं डोक्यात. २०१० साली ५८ पूर्ण झाली, शाल-श्रीफळ मिळालं, साहेबांचं भाषण झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले. जायला जागा नव्हती. आपल्या कंपनीत बावीस वर्षांचं पोरगं जॉइन झालं तर इंडक्शन, बडी, मेंटॉर, वर वेलकम किट. आणि चौतीस वर्षांची नोकरी संपवणाऱ्या माणसाला नारळ!

पण अण्णांनी आपलं आपण शोधून काढलं. आमचं घर छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) सिडकोत. ह्या शहराचं पाण्याचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. जायकवाडी पन्नासएक किलोमीटरवर, आणि नळाला पाणी चार-चार, सहा-सहा दिवसांनी. कधी रात्री दोनला, कधी भर दुपारी. अण्णांनी कॉलनीच्या पाण्याचं खातं स्वतःकडे घेतलं. लाइनमनचा नंबर त्यांच्याकडे, पाणी कधी आलं, किती वेळ आलं त्याची डायरी त्यांच्याकडे. पाणी सुटलं की दारोदार फिरून "उठा, पाणी आलंय" म्हणून सांगायचं. कुणी गावाला गेलं असेल तर त्यांचा हौद भरून घ्यायचा, मोटार लावून गच्चीवरची टाकी भरायची. शिवाय पहाटे हिमायत बागेची चक्कर, दहा तारखेच्या आत पासबुक भरून आणणं, महिन्यातून एकदा गुलमंडीला जाऊन बारीकसारीक खरेदी. आईची कुरकुर असायची की रिटायर होऊनही हा माणूस घरात सापडत नाही.

२०१७ मध्ये आई गेली. तेराव्याचे पाहुणे निघाले आणि आम्ही भावंडांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वीस मिनिटांत ठरवलं की अण्णांना पुण्याला न्यायचं. अण्णा बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांना आम्ही विचारलं नाही, सांगितलं. ते "बरं" म्हणाले. ह्या "बरं"ला आम्ही होकार समजलो. पंधरा दिवसांपूर्वी बायको गेलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

वाकडला अकरावा मजला. स्वतंत्र खोली, कमोड, टीव्ही, लिफ्ट, चोवीस तास पाणी. तिसऱ्या दिवशी अण्णांनी विचारलं, "इथं पाणी कोण सोडतं?" म्हटलं, "अण्णा, इथे सोडावं लागत नाही, असतंच." ते काही बोलले नाहीत. त्यांची शेवटची नोकरी मी त्या दिवशी काढून घेतली होती, आणि हे मला कळलंसुद्धा नाही.

मी तर प्रगतीच्या नादात होतो. पेन्शनचं खातं ऑनलाइन केलं, पासबुक बंद. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर बोटं टेकवली, ती झिजलेली, ठसे उमटेनात. तिसऱ्या खेपेला अण्णा हसून म्हणाले, "आता मी हाय का न्हाई तेबी मशीनच ठरवणार." सिडकोत हाच दाखला म्हणजे बँकेतली एक सही, जुन्या सहकाऱ्यांची गाठभेट आणि बाहेर एकेक चहा. मी त्यांचा त्रास वाचवत होतो, की त्यांचा नोव्हेंबर खात होतो?

आमच्या सोसायटीचा वॉचमन पैठण तालुक्यातला निघाला. अण्णा दुपारी खाली जाऊन त्याच्या केबिनमध्ये बसायला लागले. कुठल्या गावचा, कोणत्या चारीवर रान, गप्पा सुरू. आणि मी, शहाणा मुलगा, एक दिवस त्यांना म्हणालो, "अण्णा, तिथे बसू नका, बरं दिसत नाही." ते बसायचे बंद झाले. हे वाक्य आज लिहितानाही मला खाली बघावंसं वाटतं.

कशाला कमी नव्हतं, फक्त करमत नव्हतं. आपल्या भाषेतला हा शब्द मोठा नेमका आहे. सोय वेगळी आणि करमणं वेगळं. सोय लावता येते, विकत घेता येते, ईएमआयवर मिळते. करमायला मात्र आपल्या असण्याने कुणाचं काहीतरी अडत असावं लागतं. आपण सगळे सोय मोजतो, करमतं का हे विचारतच नाही. कारण उत्तर "नाही" आलं तर करणार काय?

१९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे ह्या दोन अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ बदलांची यादी केली आणि कोणता बदल माणसावर किती भार टाकतो त्याला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू सगळ्यात वर, १०० गुण. निवृत्ती ४५. यादी जुनी आहे, परक्या देशातली आहे, तिचं गणित शब्दशः धरू नका. पण मी अण्णांचा हिशोब मांडून बघितला. राहणीमानात बदल २५, वैयक्तिक सवयी २४, घर बदलणं २०, करमणूक १९, चर्चला जाणं (आपलं देऊळ धरा) १९, लोकांत मिसळणं १८, झोप १६, नातेवाइकांच्या गाठीभेटी १५, खाणं १५. बेरीज १७१. म्हणजे शंभराचा घाव दैवाने घातला आणि त्यावर आणखी १७१ आम्ही प्रेमाने चढवले, तेही एका वीकेंडात.

आपल्या धंद्यात हे चाललं असतं का? साधा डेटाबेस हलवायचा तर महिनाभर पॅरलल रन, रोलबॅक प्लॅन, शुक्रवारी संध्याकाळी रिलीज नाही. आणि ६५ वर्षांचा माणूस आपण शनिवारी इनोव्हात घालून आणतो, आणि रोलबॅकचा रस्ता बंद व्हावा म्हणून घर विकायचं बघतो.

घर विकण्याबद्दल स्पष्टच बोलतो. "तिकडचं घर विकून इकडे मोठा फ्लॅट घेऊ, एकत्र राहू" हे वाक्य कितीही गोड वाटलं तरी त्यात म्हाताऱ्याचा परतीचा रस्ता विकला जातो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ उगाच नाही आलं. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता मुलांना दिली आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवायची सोय त्यात आहे. कायद्याला हे लिहावं लागलं, म्हणजे घरोघरी काय चालतं ते समजा.

आता तुमचा हुकमी प्रश्न. "आणि रात्री-बेरात्री काही झालं तर?" प्रश्न खरा आहे, मलाही झोप लागू देत नाही. पण प्रामाणिकपणे सांगा, सकाळी नऊ ते रात्री आठ तुमच्या फ्लॅटमध्ये कोण असतं? अण्णा बाथरूममध्ये पडले असते तर समोरच्या दाराला कळलंही नसतं. सिडकोत पाण्याच्या दिवशी ते दिसले नाहीत तर पंधरा मिनिटांत चार माणसं दार वाजवतील. १०८ ला फोन दोन्हीकडून लागतो. ज्यांना खरंच सतत मदत लागते, अंथरुणाला खिळलेत, विसरायला लागलेत, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना जवळ आणायलाच हवं. मी चालत्या-फिरत्या माणसांबद्दल बोलतोय, ज्यांना आपण आपल्या भीतीपोटी आजारी करतो.

आयांचं तर आणखी निराळं. बाप एकदा तरी रिटायर होतो, आईला ते सुखही नाही. तिला "तुला तिकडे एकटीला करमणार नाही" म्हणून आणतात आणि दुसऱ्या दिवसापासून नातवाचा डबा, बस, झोप तिच्याकडे. तिला नातू हवाच असतो. पण तिची भिशी, तिचं भजनी मंडळ, तिची शेजारीण ह्यांची किंमत कुणी विचारली? मदत हवी असेल तर मदत म्हणून मागा, वर उपकार म्हणून मिरवू नका.

मग करायचं काय? एका वेळी एकच बदल. जोडीदार गेल्यावर निदान वर्षभर घर हलवू नका, त्याऐवजी भावंडांनी पाळ्या लावून तिकडे जा. आणायचंच असेल तर महिनाभरासाठी आणा, परतीचं तिकीट आधी काढून. जुन्या घराची किल्ली त्यांच्याच खिशात राहू द्या. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी विचारा, "नंतर सकाळी कुठे जाणार?" आणि त्यांची कामं करून टाकू नका, सोबत जा. पासबुकाच्या रांगेत उभं राहणं हेही काम आहे.

चौदा महिन्यांनी एका सकाळी अण्णा बॅग भरून हॉलमध्ये बसले होते. "मला शिवाजीनगरला सोड, तिथून एसटी मिळती." सोडलं. तेव्हापासून महिन्यातला एक शनिवार-रविवार आम्ही भावंडं आळीपाळीने २३५ किलोमीटर जातो. दमायला होतं. पण तो दमणारा माणूस आपण असायला हवं, ते नव्हे.

परवा गेलो तर अण्णा वर्षं मोजत होते. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, २०२२ पासून. त्यांना २०२७ मध्ये पंच्याहत्तर पूर्ण होतील. कुठे कुठे जायचं त्याची यादी पाण्याच्या डायरीच्या मागच्या पानावर लिहिली आहे. पैठण पहिलं. पुणं सातव्या नंबरवर आहे, कंसात "दोन दिवस".

असो. पाणी आलंय, हौद भरायला बोलावतायत.